कोडी नसली की तो गेमच नव्हे?

लातूरकर: परवा एकानं लिहिलं, 'कोडी नाहीत, फाटे नाहीत (म्हणजे आपल्या निवडीनं कथा बदलत नाही), असला हॉरर गेम म्हणजे पैसे देऊन बघितलेला व्हिडिओ.' दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय. 'सोमा' (२०१५) घ्या. त्यात नायक सायमनच्या मनाची प्रत नव्या शरीरात जाते, आणि यंत्राच्या शरीरातला जुना सायमन खुर्चीत बेशुद्ध पडलेला. त्याची बॅटरी उतरवून त्याला संपवायचं की त्याला तसाच सोडून जायचं? काहीही करा, पुढची कथा तीच. तरी मी कितीतरी वेळ माऊस धरून बसलो होतो. ही भीती कुठल्या कोड्यानं दिली?

संभाजीनगरकर: म्हणजे निवड लागलीच की! आणि फाट्यांना नावं ठेवू नका. 'सायलेंट हिल २' (२००१) मध्ये अँजेला नावाच्या पात्राचा सुरा सारखा काढून बघितला की नायक जेम्सचा शेवट बदलू शकतो. गेम विचारत नाही, नुसता बघत राहतो. त्याहून भयानक काय असतं?

परभणीकर: फाटे राहू द्या, कोड्यांचं बोला. 'सायलेंट हिल ३' मध्ये कोडी अवघडवर ठेवली की पुस्तकाच्या दुकानात शेक्सपिअरची नाटकं माहीत पाहिजेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. दोन रात्री डिक्शनरी घेऊन बसलो, तिसऱ्या रात्री गेम उडवला.

नांदेडकर: माध्यमाचं रडगाणं इथं कशाला? मीपण मराठी माध्यमाचाच. यूट्यूबवर उत्तर बघायचं, पुढं जायचं.

परभणीकर: रडगाणं म्हणू नका! इंग्रजी शाळेतला चुलतभाऊ शेजारी बसून हसत होता, ते तुम्ही बघितलं नाही. आणि उत्तर बघूनच खेळायचं तर कोडं पाहिजे कशाला?

नांदेडकर: शब्द मागे घेतो. पण त्याच गेममध्ये मारामारी आणि कोडी वेगवेगळी सोपी करता येतात. अवघड तुम्हीच निवडलं ना?

परभणीकर: चुलतभावासमोर सोपं कसं निवडणार होतो?

लातूरकर: अहो, शाळा सोडा आता. 'सोमा'त २०१७ ला सेफ मोड आला, त्यात राक्षस जीव घेत नाहीत. कधी गेम न खेळलेल्या माझ्या बहिणीनं तो लावून अख्खा गेम संपवला. आठवडाभर दिवा लावून झोपायची.

संभाजीनगरकर: त्यातही बारीकसारीक कोडी आहेतच. आणि सुऱ्याचं उत्तर अजून आलं नाही.

लातूरकर: सुऱ्याचं मान्य, तेवढंच. खेळताना तो फाटा कळतसुद्धा नाही, म्हणून चालतो. 'अ की ब' असं पडद्यावर आलं की माझी भीती तिथंच उतरते. यावर मी हटणार नाही.