पॉड ड्राइव्हची बोट आणि पाण्याखालची धडक : वापरलेली बोट घ्यावी का?

शहादेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ गोव्यात हौशी मासेमारीसाठी पर्यटकांना खोल समुद्रात नेणाऱ्या बोटीवर तांडेल आहे. त्याचे मालक जुनी सरळ शाफ्टची बोट विकून दोन पॉड ड्राइव्ह (तळाखाली लटकणारी, पंख्यासह वळणारी पेटी) असलेली वापरलेली बोट घेण्याच्या विचारात असून, त्यात आम्हा दोघांचाही थोडा हिस्सा राहणार आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की, पाण्याखाली काही आदळलेच तर पॉड आपोआप तुटून पडतो आणि बोटीच्या तळाला धक्का लागत नाही. इतके महागडे यंत्र तुटून समुद्रात जाणे ही सोय कशी, हे आमच्या घरात कोणालाच पटलेले नाही.

पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि नेमके त्याच सुमारास नद्यांच्या पुरातून वाहत आलेले ओंडके समुद्रात तरंगत असतात. तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या पुलावरून पुरात वाहून जाणारी झाडे आम्ही लहानपणापासून पाहतो, त्यामुळे ही भीती मला अनाठायी वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भुसावळचा दर्यावर्दी

शहादेकर, विक्रेता खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो आहे.

आधी रचना पाहू. सरळ शाफ्टच्या बोटीत इंजिनापासून निघालेला लोखंडी दांडा तळातून तिरका बाहेर पडतो, त्याच्या टोकाला पंखा असतो आणि पंख्यामागे सुकाणू. दांडा तिरका असल्यामुळे जोराचा काही भाग बोट पुढे ढकलण्याऐवजी वाया जातो. पॉडमध्ये इंजिन बोटीच्या आतच राहते, मात्र गिअरच्या साहाय्याने शक्ती दोनदा काटकोनात वळवून तळाखाली लटकणाऱ्या पेटीपर्यंत नेली जाते, आणि ती अख्खी पेटीच वळत असल्यामुळे वेगळ्या सुकाणूची गरज उरत नाही. (मोठ्या जहाजांवरच्या ॲझिपॉडमध्ये विजेची मोटरच पाण्याखालच्या पेटीत असते. नावे सारखी वाटली तरी ती व्यवस्था निराळी आहे.) २००५ च्या सुमारास बाजारात आलेल्या व्होल्वो पेंटा कंपनीच्या आयपीएस या पॉडमध्ये दोन पंखे परस्परविरुद्ध दिशेने फिरतात आणि त्यांचे तोंड पुढे असते, म्हणजे ते बोटीला ढकलत नाहीत, ओढतात. पुढचे पाणी घुसळलेले नसल्यामुळे पकड चांगली मिळते, आणि ३० टक्क्यांपर्यंत इंधन वाचते असा कंपनीचा दावा आहे. त्यानंतर आलेल्या झ्यूस पद्धतीत पंखे मागे तोंड करून तळातल्या खोबणीत बसवलेले असतात आणि त्यांच्याखाली एक पाते असते, जे धडकेत आधी तुटावे अशी योजना आहे.

आता तुटण्याविषयी. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पॉडच्या बाबतीत तत्त्व तेच, फक्त येथे तुटणारी वस्तू म्हणजे गिअरबॉक्सच आणि वाचवायची वस्तू म्हणजे बोट. वेगात असताना ओंडका आदळला तर पॉड ठरवून दिलेल्या कमकुवत जागी तुटतो, वरचा भाग आणि त्याचे सील जागेवर राहतात आणि पाणी आत येत नाही. सरळ शाफ्टच्या बोटीत अशाच धडकेने दांडा वाकू शकतो, तो तोलणारा ब्रॅकेट तळाचा तुकडा घेऊन उखडू शकतो किंवा सुकाणूचा खांब तळातून वर घुसू शकतो, आणि किनारा दूर असताना पंपांनी पाणी आवरेनासे होते. म्हणून माणसांच्या दृष्टीने विचार केला, तर जोराच्या धडकेत नीट बसवलेला पॉड अधिक सुरक्षित ठरतो, असे माझे मत आहे.

खरी डोकेदुखी मध्यम जोराच्या धडकेची आहे, कारण तिच्यात पॉड तुटत नाही आणि सुटतही नाही. पुढे तोंड असलेल्या पंख्यांसमोर अडसर म्हणून काहीच नसते, त्यामुळे पहिला मार पात्यांवर बसतो आणि तोच आतल्या गिअर, बेअरिंग व सीलपर्यंत पोहोचतो. बोट त्या दिवशी व्यवस्थित घरी येते. पुढे सीलमधून थोडे थोडे पाणी तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते. तेवढ्यात कोणी पाहिले नाही, तर काही काळाने संपूर्ण गिअरसंच निकामी होतो. मासेमारीच्या बोटीवर याच सीलला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे तुटलेला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. तो पंख्यामागे गुंडाळला जातो, घट्ट आवळतो आणि सीलच्या कडेत शिरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पंखा काढला की आत तंगुसाचे कडे सापडते.

नर्मदाकाठ, धडगाव

भुसावळच्या दादांनी यंत्राचे सांगितले, मी पाण्याचे सांगतो. सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमची डोंगरातली गावे आणि त्यांच्याबरोबर उभी झाडे बुडाली. धरण २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. पाणी भरलेले असते तेव्हा बोट खोडांच्या वरून निघून जाते, पण उन्हाळ्याकडे पातळी उतरली की तीच खोडे पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडे मागच्या फळीला लावायची आउटबोर्ड मशीनच चालते, कारण ती आदळली तर वर उचलली जाते आणि पंखा काठावर बसून बदलता येतो. पॉड उचलता येत नाही. तो बोटीचा सर्वांत खालचा भाग असतो आणि पंखा बदलायचा म्हटले तरी बोट पाण्याबाहेर काढावी लागते किंवा पाणबुड्या बोलवावा लागतो. गोव्यात तुमच्या धक्क्याजवळ एवढी जड बोट उचलणारी क्रेन आहे का, हे आतेभावाला आधी विचारा. माझ्या मते सगळा निर्णय त्यावर आहे.

सर्वेक्षक, धुळे

विम्याच्या अंगाने थोडक्यात लिहितो. पाण्याखालील वस्तूशी झालेली आकस्मिक धडक बहुतेक पॉलिसींमध्ये संरक्षित असते, परंतु झीज, गंज आणि देखभालीतील हयगय यांना साधारणतः वगळलेले असते. दुधाळ तेलाचा दावा आला की वादाचा मुद्दा हाच ठरतो, की सील धडकेने गेले की वयाने. त्यामुळे काही आदळल्याची शंका जरी आली, तरी वेळ, ठिकाण आणि वेग यांची नोंद त्याच दिवशी नोंदवहीत करावी, विमा कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षणापूर्वी पॉड उघडू नये. पॉड बदलण्याचा खर्च विम्याच्या रकमेत धरला आहे का आणि प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायची रक्कम किती, हे खरेदीपूर्वी तपासावे. पॉडऐवजी गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे संरक्षक तुकडे झिजून गेलेले असतील तर मागच्या मालकाने देखभाल कशी केली, हे वेगळे विचारण्याची गरज उरत नाही.

शहादेकर

सर्वांचे मनापासून आभार. आतेभावाशी बोललो. क्रेन आहे, पण पावसाळ्याआधी तिच्यासाठी रांग लागते. आम्ही आता व्यवहारापूर्वी बोट बाहेर काढून पाहण्याची आणि दोन्ही पॉडच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत तपासण्याची अट घालणार आहोत. एक शंका राहिली. समुद्रात एक पॉड गेलाच, तर दुसऱ्यावर परत येता येते का?

भुसावळचा दर्यावर्दी

येता येते, पण घाई करायची नाही. दोघांचा भार एकट्या इंजिनावर आला की त्याला पूर्ण फेरे गाठता येत नाहीत, आणि तरीही थ्रॉटल पुढे रेटला तर ते तापते. बोट पाण्यावर उचलली जाण्याचा प्रयत्न न करता संथ गतीने आणावी. निघण्यापूर्वी तुटलेल्या बाजूचे इंजिन बंद करावे, त्या बाजूचा तळ आतून टॉर्चने पाहावा आणि परतीच्या वाटेवर अधूनमधून पुन्हा पाहत राहावे. तेलाच्या नमुन्याबरोबर पंख्यामागचा तंगूसही काढून पाहायला सांगा, म्हणजे सीलची अवस्था तिथल्या तिथे कळेल.