पिकअपच्या मागच्या काचेवर बंदूक टांगावी का?

माळरान (धागाकर्ता)

टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओच्या वायव्येला हिल कंट्रीत थोडी जमीन घेतली आहे. जमीन म्हणजे चुनखडी, सीडरची झुडपं, चार ओक आणि रात्रीत सगळं उकरून ठेवणारी रानडुकरं. डुकरांसाठी रायफल घेतली. पिकअप होताच. आता घोडं अडलंय रॅकपाशी.

शेजारच्या म्हाताऱ्या रँचरच्या सिंगल कॅब (सीटची एकच रांग असलेल्या) फोर्डला मागच्या काचेवर रॅक आहे. काचेच्या दोन्ही कडांना रबर चढवलेले दोन-दोन आकडे. वरच्या जोडीवर विंचेस्टर .३०-३०, खालच्या जोडीवर गवंडी वापरतात ती लेव्हल, पावसाळी हवा असेल तर छत्री. माझा पिकअप पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की रॅक कुठाय?

माझं मत स्पष्ट आहे. काचेवरची रॅक आता लावू नये. गाडीत रायफल ठेवायला माझा विरोध नाही, ती जगाला दिसेल अशी टांगायला आहे. घोड्याच्या खोगिराला रायफलचं चामडी म्यान असायचं. घोडा गेला, पिकअप आला आणि म्यानाची जागा काचेवरच्या आकड्यांनी घेतली. गाव लहान होतं, कोणती गाडी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं, तोवर ते चाललं. आज तोच पिकअप सकाळी कुंपणापाशी असतो आणि दुपारी कॉस्टकोच्या, म्हणजे मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. तिथे काचेतून दिसणारी रायफल म्हणजे चोराला अक्षता देऊन केलेलं आमंत्रण. एव्हरीटाउन ही संस्था बंदूक-नियंत्रणाच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकतो, पण त्यांनी आकडे काढलेत ते पोलिसांनी एफबीआयला दिलेल्या नोंदींवरून. ज्या शहरांची माहिती मिळाली तिथे २०२२ मध्ये चोरीला गेलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून किंचित जास्त गाड्यांमधून गेल्या. त्याआधीच्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास होतं.

मी मागच्या सीटखाली कुलपाची पेटी बसवतोय. पटत नसेल तर बोला.

लबक_लांबपल्ला

पटत नाही. राग मानू नका, पण तुमची जमीन ही शनिवार-रविवारची हौस आहे आणि मत सोमवार ते शुक्रवारवाल्यांना देताय.

मी जनावरांचा डॉक्टर. टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये डेअऱ्या आणि फीडलॉट (गुरं पोसायचे गोठे) फिरतो. इथे गाडीतली रायफल म्हणजे अवजार. गाय व्यायला लागली की कोयोटी (कोल्ह्यासारखी रानटी जनावरं) घिरट्या घालतात, वासरू अर्धं बाहेर असतानाच लचका तोडतात. आता तुमच्या पेटीचा हिशोब करा. गाडी थांबवा, मागचं दार उघडा, सीटवरचं सामान खाली काढा, सीट उचला, चिखलाच्या हाताने किल्ली शोधा, कुलूप उघडा. कोयोटी तोवर कापसाच्या दोन शेतांपलीकडे. रॅकवरची रायफल दार उघडून वळलं की हातात येते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांच्या गाडीत अजून रॅक आहे आणि ती कोणाला दाखवायला लावलेली नाही.

चोरीबद्दल: चोरी शहरात होते. मग शहरात जाताना रायफल घरी ठेवा. आकड्यांनी काय घोडं मारलंय?

कलमबहाद्दर

दोघेही "दिसते की दिसत नाही" यावर भांडताय. कायद्याचा प्रश्न वेगळा आहे.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक बाळगणं गुन्हा आहे. १९९० चा कायदा. सॅन अँटोनिओच्याच एका हायस्कूलमधला बारावीचा मुलगा १९९२ मध्ये पिस्तूल घेऊन शाळेत गेला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. लोकांना इथपर्यंतच आठवतं. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) आंतरराज्य व्यापाराशी जोडणारी शब्दरचना घालून तो परत आणला आणि तो आजही लागू आहे.

यात गाडीवाल्यांसाठी सूट आहे: बंदूक रिकामी हवी, आणि कुलूपबंद पेटीत किंवा कुलूपबंद रॅकमध्ये हवी. म्हणजे रॅकचा उल्लेख खुद्द कायद्यात आहे. म्हाताऱ्या शेजाऱ्याचे नुसते रबरी आकडे मात्र त्यात बसत नाहीत. गावातल्या मुख्य रस्त्याने जाताना शाळा लागतेच, १००० फूट म्हणजे तीनशे मीटर. राज्याचा परवाना असेल तर त्या राज्यात वेगळी सूट मिळते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून विनापरवाना हँडगन बाळगता येते म्हणून बऱ्याच जणांनी परवाना काढणंच सोडलंय. ही सूटही त्याबरोबर गेली, हे त्यांच्या गावी नाही.

आता गंमत. बंदूक घेऊन राज्याबाहेर जाताना अशा प्रवाशाला सांभाळून घेणाऱ्या १९८६ च्या संघीय कायद्याचं संरक्षण हवं असेल तर कुलूपबंद रॅक पुरत नाही. बंदूक रिकामी हवी आणि बसायच्या जागेतून हाताला लागता कामा नये. पिकअपला डिकी नसते, म्हणून मग कुलूपबंद पेटीच लागते, आणि ग्लव्ह बॉक्स (डॅशबोर्डचा कप्पा) किंवा कन्सोल (दोन सीटांमधला कप्पा) पेटी म्हणून चालत नाही. एकच रॅक शाळेसमोर कायदेशीर, आणि न्यू जर्सीसारख्या कडक कायद्याच्या राज्यातून जाताना बिनकामाची.

ठसका

तुम्ही सगळे पेटी की आकडे यावर बोलताय म्हणून विचारते. ह्यूस्टनच्या उपनगरात राहते, दोन मुलं शाळेत आहेत. बालवाडीतल्या पोराला लॉकडाऊन ड्रिलमध्ये (शाळेत बंदूकधारी शिरला तर लपायची तालीम) अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करावा लागतो. त्याच शाळेच्या गेटसमोर मुलांना सोडायच्या रांगेत माझ्या पुढच्या पिकअपमध्ये रायफल टांगलेली दिसली, तर तो रँचर आहे की आणखी कोण, हे मी कशावरून ओळखायचं? "पूर्वी हरणांच्या हंगामात पोरं रायफली गाडीत ठेवून शाळेत यायची, कोणाला काही वाटायचं नाही," हे मला इथल्या प्रत्येक काकांनी ऐकवलंय. तेव्हा वाटत नसेल. आता वाटतं. आणि ज्यांना वाटतं त्यांनाच घाबरट ठरवून मोकळं व्हायचं, हे काही बरोबर नाही.

माझ्या मते शहराच्या हद्दीत गाडीत बंदूकच नको, पेटीतही नको.

लबक_लांबपल्ला

@ठसका ताई, शाळेच्या रांगेबद्दल शंभर टक्के मान्य. तिथे टांगून जाणारा माणूस मूर्ख आहे. पण "शहराच्या हद्दीत नकोच" म्हटलं की मी कामावरून थेट मुलाला आणायला जाऊ शकत नाही.

हे भांडण इथे नवीन नाही. ऑक्लाहोमात व्हॅलियंट गावच्या कागद कारखान्यात २००२ साली कुत्री आणून पार्किंग तपासलं आणि गाडीत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढून टाकलं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की २००४ मध्ये राज्याने कायदाच केला: कामगाराच्या कुलूपबंद गाडीतल्या बंदुकीला कंपनीचा मालक मनाई करू शकत नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, २००९ मध्ये अपील कोर्टात हरल्या. टेक्सासने तसाच कायदा २०११ ला केला. माणूस कामावरून परस्पर रानात जातो, ही गोष्ट या राज्यांनी गृहीत धरलीय.

माळरान (धागाकर्ता)

पण त्या कायद्यातही शब्द "कुलूपबंद गाडी" हाच आहे ना? गाडीचं कुलूप म्हणजे एक काच. स्पार्क प्लगच्या चिनीमातीचा तुकडा मारला की बाजूची काच भुगा होऊन खाली. आत आकड्यांवर रायफल असेल तर चोराला वाकावंही लागत नाही.

ग्रीनकार्डच्या_रांगेत

जरा अवांतर. मी एच-१बी या कामाच्या तात्पुरत्या (बिगर-स्थलांतरित) व्हिसावर आहे. ऑफिसातला मित्र डुकरांच्या शिकारीला चल म्हणतोय, त्याच्या पिकअपमध्ये अशीच रॅक आहे. नुसतं बसून जायला काय हरकत?

कलमबहाद्दर

@ग्रीनकार्डच्या_रांगेत, अवांतर नाही, इथल्या निम्म्या वाचकांना लागू आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. एक मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्या तरी राज्याचा वैध शिकार परवाना. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून शिकार परवाना लागत नाही, म्हणून मित्र म्हणेल "कशाला काढतोस". तू काढ. त्याला डुकरासाठी लागत नाही, तुला व्हिसासाठी लागतो. आणि "बाळगणं" म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. हाताशी आहे, ताब्यात घेता येईल, तरी वाद उभा राहू शकतो. मित्र पेट्रोल भरायला उतरला आणि तू एकटा गाडीत, मागे रॅकवर रायफल, अशी वेळ आणूच नकोस. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घे.

पाना_पक्कड

तत्त्वचर्चा झाली असेल तर बसवण्याबद्दल बोलूया का? कारण माझा काचेवरच्या रॅकला विरोध चोरामुळे नाही, गाडीमुळे आहे.

जुन्या सिंगल कॅबमध्ये काच तुमच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर. मागे कोणी बसत नाही. कडेच्या पत्र्यात स्क्रू मारले की काम झालं. आजचे बहुतेक पिकअप चार दारांचे. काच मागच्या सीटच्या पाठीमागे. म्हणजे रायफल ड्रायव्हरच्या हाताशी नाहीच, ती आहे मागे बसलेल्या पोराच्या मानेजवळ. लबककरांचा "वळलं की हातात" हा मुद्दा त्यांच्या सिंगल कॅबपुरताच खरा.

दुसरं, पडद्यासारख्या एअरबॅग. छताच्या कडेने, अस्तराच्या आत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत त्या घडी घालून ठेवलेल्या असतात. लोक ऑनलाइन रॅक मागवतात आणि छताच्या कडेला किंवा मागच्या खांबाला बिनधास्त ड्रिल मारतात. नशीब बरं असेल तर नुसती वायर तुटते. नसेल तर अपघातात बॅग फाटते, किंवा रॅकचा आकडाच तोंडावर येतो. खांबावर "एअरबॅग" असं कोरलेलं असेल तिथे ड्रिल नेऊच नका.

तिसरं, दुर्बीण लावलेली रायफल साडेतीन-चार किलोची. ताशी ६० मैलांवर गाडी धडकली की रबरी आकडा तिला धरून ठेवत नाही. वरून पट्टा हवा. आकड्याचं रबर दोन उन्हाळ्यांत चिरतं आणि आतलं लोखंड बॅरलला घासायला लागतं. खडीच्या रस्त्यावर रोज हादरे बसले की दुर्बिणीचा नेमही हलतो, मग कोयोटी जवळ असून काय उपयोग!

ज्याला खरंच पटकन हवी त्याने पोलिसांच्या गाडीत असते तशी दोन सीटांमधली उभी रॅक लावावी. खाली दस्ता बसायची वाटी, वर लोखंडी कडं, कड्याला विजेचं कुलूप. लपवलेलं बटण दाबलं की काही सेकंद कुलूप सुटतं, रायफल काढली नाही तर परत लागतं. पण वायर फ्यूजमधून घ्या, थेट बॅटरीवरून फ्यूजशिवाय ओढू नका. पुढे बाकाची सीट असेल किंवा मध्ये मोठा कन्सोल असेल तर हे बसत नाही. मग सीटखालची पेटी, आणि ती सीटच्या मूळ बोल्टमध्येच आवळायची. नुसती सरकवून ठेवलेली पेटी चोर पेटीसकट नेतो.

कुडाळकर

वाचून मजा येतेय. आमच्याकडे ठासणीच्या बंदुकीचा शेतसंरक्षण परवाना वाडीत चार जणांकडे. निवडणूक लागली की आदेश निघतो, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता कळत नाही, ती त्याच दिवसांत भात लोळवतात. इथे गाडीत टांगून नेली तर पुढच्या नाक्यावर रॅकसकट मी आत. तुमचं दुःख मला थोडं श्रीमंती वाटतं, पण चालू द्या.

ठसका

@पाना_पक्कड, मागे बसलेल्या पोराच्या मानेजवळ, हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तोही पिकअप घ्यायचं म्हणतोय. पिकअपवर चर्चा होईल, मानेजवळच्या लोखंडावर होणार नाही. बाकी माझं मत तेच आहे.

लबक_लांबपल्ला

पाना_पक्कडराव, माझी गाडी सिंगल कॅबच आहे, म्हणून मत बदलत नाही. शाळेसमोरून जातो हे मात्र खरं, त्यामुळे कुलूपवालं कडं बसवायचा विचार करतो. रायफल रिकामीच असते, काडतुसं खिशात. पण धागाकर्त्यांचं "लावूच नये" हे मान्य नाही. जिथे रॅक कामाची आहे तिथे ती राहील, तुम्ही कॉस्टकोवाल्यांसाठी नियम लिहा.

माळरान (धागाकर्ता)

कॉस्टको एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या गावातही आता दिवसाढवळ्या गाड्या फुटतात, आणि चोर आधी विचारत नाही की डॉक्टर आहात का. कुलूपवालं कडं लावलंत तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा काचेला आहे.

@पाना_पक्कड, माझ्या गाडीची मागची सीट ६०-४० अशी दुभंगलेली आहे. पेटी ६० च्या बाजूला एकाच तुकड्यात बसवू की दोन्हीकडे मिळून? रायफल दुर्बिणीसकट ४४ इंच भरते.

पाना_पक्कड

दोन्हीकडे मिळून. ६० च्या बाजूला ४४ इंच सहसा बसत नाही. मधला बोल्ट काढायच्या आधी सीटबेल्टच्या सेन्सरची वायर कुठून गेलीय ते बघा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.