डीएआरचा अर्ज: आईकडचा वंश, घरची वंशावळ आणि एक जुनं बायबल

प्रश्न (पैलतीर)
भाची १९ वर्षांची आहे. वडील मराठी, आई अमेरिकी. आईच्या आजीकडून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीचा एक पूर्वज अमेरिकेच्या क्रांतियुद्धात मिलिशियात (स्थानिक नागरिकांच्या सैन्यात) होता, असं त्यांच्याकडे सांगतात. तिला डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनचं (डीएआर, त्या युद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज स्त्रियांची संस्था) सदस्यत्व हवंय. हाताशी १९२० च्या सुमाराची छापील वंशावळ आणि घरच्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेलं बायबल आहे. एवढ्यावर भागेल? वडील भारतीय असण्याची अडचण येईल का?

जुनेकागद
वडिलांचा प्रश्नच नाही. वय १८ पूर्ण आणि पूर्वजापर्यंत थेट रक्ताचा वंश, एवढं बघतात. मग तो मधल्या बायकांकडून आलेला का असेना. दत्तक मात्र चालत नाही. आपल्या कुळवृत्तांतात दत्तक मुलगा त्या घरचाच धरतात, इथे जन्मदात्यांकडूनच जावं लागतं.

छापील वंशावळ वाटाड्या म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नको. कोणत्या नोंदीवरून लिहिलं ते त्यात नसेल तर डीएआरची वॉशिंग्टनमधली तपासनीस ती बाजूला ठेवते. सुरुवात भाचीपासून करून मागे जा. तिचा आईवडिलांची नावं असलेला सविस्तर जन्मदाखला, मग आईचा, मग आजीचा. शिवाय लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले. पेनसिल्व्हेनियात राज्यभर जन्म-मृत्यू नोंदणी १९०६ पासूनची. त्याआधी जनगणना कामाला येते, पण १८८० पासूनच कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. १८५० आणि १८७० च्या पानावर एका घरात राहणारी मुलगी ही मुलगीच असेल असं नाही, पुतणीही असू शकते. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली.

सहावीपिढी
त्याआधी एक काम करा: डीएआरच्या संकेतस्थळावर पूर्वजांचा शोध फुकट आहे. नाव सापडलं तर त्याच्या कुठल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वंशातून आधी कोणी सदस्य झालंय ते दिसतं. तोच वंश असेल तर जुन्या अर्जाची प्रत विकत घ्या. खालच्या दोनतीन पिढ्याच सिद्ध कराव्या लागतील. नावाजवळ लाल अक्षरांत शेरा असेल तर तो आधी वाचा. जुने अर्ज ढिले होते, कित्येकांची युद्धातली सेवा किंवा वंश आता पुन्हा सिद्ध करावा लागतो.

जुनेकागद
बरोबर. खरी अडचण १८५० च्या मागे आहे. तोवर जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी घर म्हणजे नुसते आकडे. लग्न झालेल्या मुलीला बापाशी जोडायला मृत्युपत्र बघा, नाहीतर ऑर्फन्स कोर्टाची (मयताच्या मालमत्तेचे खटले बघणारं तिथलं न्यायालय) वाटणी: त्यात जावयाचं नाव येतं, बहुतेक वेळा तिथेच गाठ सुटते.

लँकेस्टरचे लोक बरेचसे जर्मन. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत श्नायडर, पुढच्या दस्तात स्नायडर. योहान गेओर्ग असेल तर हाक गेओर्ग म्हणून, आणि सगळे भाऊही योहानच! 'जॉन' शोधत बसलात तर भलताच माणूस हाती लागेल.

पैलतीर
मिलिशियाच्या यादीत नाव आहे, छापील पानही मिळालं. मग सेवा सिद्ध झाली ना?

सहावीपिढी
त्याच नावाचे आणखी किती जण त्या काउंटीत होते ते बघा. १७७७ च्या कायद्याने १८ ते ५३ वयाच्या गोऱ्या पुरुषांची नावनोंदणी सक्तीचीच होती, त्यामुळे याद्या लांबलचक. यादीतल्या कॅप्टनची कंपनी कोणत्या टाउनशिपची (काउंटीतला छोटा विभाग) ते काढा, आणि तुमचा माणूस त्या वर्षी तिथेच कर भरत होता का ते कर-यादीत पडताळा. दोन्ही जुळलं तरच तो तुमचा. बंदूक हाती घेतलीच पाहिजे असंही नाही. निष्ठेची शपथ किंवा सैन्याला पुरवलेलं धान्य यांचीही सेवेत गणना होते. नंतर इंग्रजांच्या बाजूला गेला असेल तर मात्र अर्ज बाद.

बायबलच्या नोंदींसोबत मुखपृष्ठानंतरच्या पानाचाही फोटो काढा, छपाईचं साल दिसेल असा. १८४० ची छपाई आणि १७७० चे जन्म एकाच शाईत, एकाच हातचे असतील, तर ते मागाहून आठवून लिहिलेलं आहे हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.