पॉलिहाऊसमध्येही टोमॅटोची रोपं गारठलीत, शेकोटी करू का?

गोदाकाठ, ता. निफाड

राम राम मंडळी. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसच्या एका कोपऱ्यात यंदा टोमॅटोची रोपं घरीच तयार करतोय. लागवड जानेवारीअखेर धरली आहे. 104 कपांचे ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उगवण एकसारखी. दुसरं खरं पान निघालं आणि आमच्या निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीचा पारा 6 अंशांच्या खाली आला. तेव्हापासून रोप जागचं हललं नाही. पानांची खालची बाजू आणि देठ जांभळे दिसतात. काही ट्रेमध्ये खोड बुडाशी काळं पडून रोपं आडवी होतायत.

मला कळत नाही ते हे: पहाटे थर्मामीटर लावला तर आत आणि बाहेर जेमतेम अर्ध्या-एक अंशाचा फरक. 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद आहे, पडदे रोज संध्याकाळी सहाला खाली सोडतो. मग एवढ्या कागदाचा उपयोग काय? शेजारी म्हणतात, आत शेकोटी पेटवून धूर कोंडा. द्राक्षबागेत आपण करतोच. करू का?

चांदवड

भाऊ, पहाटे पाणी सोडून बघा. द्राक्षाला कडाक्यात आम्ही तेच करतो, ओल्या जमिनीची ऊब टिकते.

रोपवाटिकावाली, नारायणगाव

दादा, शेकोटी आत अजिबात नको. बाग उघडी असते, धूर निघून जातो. बंद पॉलिहाऊसमध्ये कार्बन मोनॉक्साइड कोंडतो आणि रात्री विस्तव सारायला जो माणूस आत जाईल त्याच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय धुरात इथिलीन असतो, त्याने टोमॅटोची पानं देठापासून खाली वाकतात. कागदावर काजळी बसून दिवसाचा उजेड कमी होतो तो वेगळाच. गॅसची शेगडीही याच कारणासाठी नको.

तुमचा थर्मामीटर बरोबर आहे. निरभ्र रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात, आणि साधा पॉलिथिनचा कागद त्यातली बरीचशी आरपार जाऊ देतो. तो वारा अडवतो, उष्णता फारशी अडवत नाही. वारा पडलेल्या रात्री आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा किंचित खालीही जातं. म्हणून ऊब दिवसा साठवायची आणि रात्री रोपांच्या अगदी जवळ धरून ठेवायची.

आमच्याकडे उन्हाळी टोमॅटोची रोपं ऐन थंडीतच वाढवावी लागतात, त्यामुळे हे काम दरवर्षीचं आहे. पडदे सहाला सोडता तेव्हा ऊन गेलेलं असतं, आतली गरम हवाही गेलेली असते. साडेतीन-चारलाच सोडा. सूर्य चांगला वर आला की, साधारण नऊ-साडेनऊला, थोडे उघडा. कागदाला आतून लोंबणारे थेंब सुकले पाहिजेत, नाहीतर ते रोपांवर टपकत राहतात आणि करप्याला आयतं आमंत्रण मिळतं.

रात्रीसाठी ट्रेवर तारेच्या किंवा बांबूच्या कमानी करा. त्यावर 17 ते 20 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं पातळ कापड, आणि वरून साधा प्लॅस्टिक कागद टाका. ट्रे स्टँडवर असतील तर दोन्ही थर थेट जमिनीपर्यंत सोडा. रात्री जमीन हवेपेक्षा उबदार असते आणि तिची ऊब स्टँडखालून वर येते, तीच आपल्याला कोंडायची आहे. कापड पानांना टेकू देऊ नका. टेकलेलं पान थंडीनं आधी भाजतं. सकाळी ऊन आलं की झाकण काढायचंच. ते तसंच राहिलं तर दुपारपर्यंत आत भट्टी होते आणि रोपं लांबट, लुसलुशीत निघतात.

चांदवडच्या भाऊंनी सांगितलं ते बागेला लागू आहे. तिथे पाणी धरायला अख्खी जमीन असते. ट्रेच्या कपात दोन-तीन चमचे कोकोपीट, तिथे पहाटेचं पाणी म्हणजे मुळं आणखी गार आणि ओली. तुमची मर (रोपं बुडाशी काळी पडून आडवी होणं) अशा गार ओलीतूनच वाढतेय असं मला वाटतं. पाणी सकाळी दहा-अकराला द्या, तेही विहिरीचं किंवा बोअरचं ताजं. उघड्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं. देण्याआधी ट्रे उचलून बघा, जड लागला तर त्या दिवशी पाणी नाही. आडवी झालेली रोपं कोकोपीटसकट काढून शेडबाहेर नेऊन टाका.

कृषी पदवीधर, संगमनेर

जांभळेपणाबद्दल थोडं. कोकोपीटमध्ये स्फुरद असला तरी मुळं गार असताना रोप तो उचलू शकत नाही, म्हणून पान जांभळं दिसतं. 12:61:00 (स्फुरद जास्त असलेलं विरघळणारं खत) लिटरला 1 ते 2 ग्रॅम, उन्हं तापल्यावर एक हलकी फवारणी चालेल. पण मुळांना ऊब मिळाल्याशिवाय फरक पडणार नाही. युरिया मारून रोप पळवायला जाऊ नका, कोवळ्या वाढीला गारठा जास्त झोंबतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रोप ट्रेमध्ये असतानाच पहिल्या घोसाच्या फुलांचा पाया आत घातला जातो. त्या काळात सलग कडाका बसला तर पुढे पहिल्या घोसाची फळं वेडीवाकडी, चिरा पडलेली, खालून उघडी निघतात. व्यापारी ती बाजूला काढतो. लागवडीनंतर पहिल्या घोसाकडे नीट बघा, वाकडी फळं लहानपणीच खुडलीत तर झाडाची ताकद पुढच्या घोसांना लागेल. आणि लागवड आठवडाभर पुढे गेली तरी जाऊ द्या, गार मातीत रोप बसून राहतं.

गोदाकाठ, ता. निफाड

ताई, दादा, मनापासून आभार. कमानी आजच करतो, शेकोटीचा विषय बंद. रात्रभर बल्ब लावले तर मदत होईल का? आमच्याकडे रात्रीच्या विजेचा भरवसा नाही.

रोपवाटिकावाली, नारायणगाव

मग पाण्याचे ड्रम ठेवा, त्यांना वीज लागत नाही. बाहेरून काळा रंग दिलेला 200 लिटरचा ड्रम दिवसा तापून रात्री 10 अंशांनी निवला तर साधारण सव्वादोन युनिट विजेएवढी ऊब सोडतो. 100 वॅटचा बल्ब दहा तास जळला तर एक युनिट होतं. ड्रम ट्रेच्या उत्तरेला ठेवा म्हणजे दिवसा रोपांवर सावली पडणार नाही, आणि रात्री तेही झाकणाच्या आत घ्या. तोंड घट्ट बंद हवं, आत आणखी दमटपणा नको. थर्मामीटर आता कमानीखाली, पानांच्या उंचीवर टांगा. तिथे पहाटे 10 अंश मिळाले तरी रोपं हलायला लागतील. चार दिवसांनी आकडे इथे टाका, त्यावरून आणखी एक थर लागेल का ते सांगते.