प्रति: कॅम्परची पेटी आणि घाट

पिकअपच्या हौद्यात (मागच्या मालाच्या भागात) बसवायची कॅम्परची पेटी, म्हणजे आत राहता येईल अशी खोली, गाडीच्या पासिंगच्या (आरटीओ नोंदणीतल्या) क्षमतेत वजनाने बसली की झालं, असं वर कुणी म्हटलंय. अर्धंच पटलं. वजन किती यापेक्षा ते कुठे पडतं, हे घाटात जास्त जाणवतं. डबल कॅबिन पिकअपचा हौदा आखूड, त्यामुळे पेटी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लोंबते. मुंबई-नाशिक रस्त्यावर कसाऱ्याच्या चढाला पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. माझ्या पेटीत फॅब्रिकेटरने पाण्याची टाकी मागच्या दाराशी बसवली होती. ८० लिटर म्हणजे ८० किलो, तेही पार शेपटाला! ती आणि बॅटरी केबिनच्या पाठीशी सरकवून घेतली, गाडी लगेच रस्ता धरायला लागली. टाकी अर्धी भरूनही नेऊ नका, वळणावर पाणी डचमळतं. रिकामी न्या, घाट चढून इगतपुरीला भरा. मुंबईतून पाणी वाहून नेण्यात कसली आलीय हौस?

पेटी सोसायटीत उतरवून ठेवायचा बेत असेल, तर स्टिल्टची (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगची) उंची बीमखाली मोजा, स्लॅबखाली नाही. आणि उतरवलेली पेटी ज्यांवर उभी राहते त्या जॅकच्या पायांखाली जाड फळ्या द्याच. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकखालची माती बसते, एक पाय खचला की पेटी तिरकी.