मदत हवी आहे : जुना माणूस सोडून चाललाय, कसा थांबवू?

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत माझा छोटा छापखाना आहे, आम्ही ७ जण. डिसेंबरभर कॅलेंडर-डायऱ्यांच्या घाईत सगळे रात्री दहापर्यंत थांबले, कुणी कुरकुरलं नाही. जानेवारीत काम उतरलं आणि १२ वर्षांचा जुना बाइंडर म्हणतो, "दादा, चाकणला कंपनीत लागतोय, तिथे पीएफ आहे." त्याचं चुकत नाही, मुलगी दहावीला आहे. पण असा हात पुन्हा मिळणार नाही.

२० पेक्षा कमी माणसं असल्याने आम्हाला पीएफची सक्ती नाही, स्वेच्छेने नोंदणी मात्र करता येते. कुणी केली आहे का? मंदीच्या महिन्यांत मालकाचा हिस्सा झेपतो का? की आधी पगारवाढ आणि मेडिक्लेम द्यावा? महिनाअखेरपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय.