पहाटे तीनला जाग येते, मरणाची भीती वाटते. कथा-कादंबऱ्या सुचवा

जागरण्या:
वय ४१. वडिलांचं डायलिसिस सुरू होऊन पाच महिने झाले. तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येते. आपण एक दिवस नसणार, हे एकदम अंगावर येतं. छातीत धडधड, हात गार. ईसीजी, टूडी इको काढून झाले, दोन्ही नॉर्मल. आत्याने गीता आणून दिली, मित्राने आत्म्याच्या प्रवासाचे व्हिडिओ पाठवले. दोघांचा मान राखून सांगतो, मला आत्ता उत्तर नकोय, गोष्ट हवीय. तिच्यात कुणीतरी माझ्यासारखं टरकलेलं असावं. मराठी असेल तर उत्तमच. फार जाडजूड नको, डायलिसिसचे चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसून वाचतो.

मावळतीकर:
टॉलस्टॉय, 'इव्हान इलिचचा मृत्यू', १८८६. शंभरेक पानं, एका बैठकीत होईल. न्यायखात्यातला सुखवस्तू अधिकारी नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवताना शिडीवरून घसरतो, कुशीला खिडकीची मूठ लागते आणि तिथून दुखणं सुरू. पण पुस्तक उघडतं ते त्याच्या मरणाच्या बातमीने. कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार काय, तर आता बढती कुणाला! भेटायला गेलेला मित्र स्प्रिंगा बिघडलेल्या आसनाशी झटापट करत बसतो. आपल्याला हसू येतं, मग ओशाळल्यासारखं होतं.

सगळी माणसं मर्त्य, कायस माणूस, म्हणून कायस मर्त्य, हे शाळेतलं तर्कशास्त्र इलिचला पटतं, पण कायसपुरतंच. लहानपणीच्या चामडी चेंडूचा वास कायसला कुठे माहीत होता? तुमचं पहाटे तीनचं दुखणं हेच असावं.

तुमचं वय वाचून एक आठवलं. १८६९ मध्ये टॉलस्टॉय जमीन बघायला निघाला होता. वाटेत अर्झामासला मुक्काम, रात्रीचे दोन वाजलेले, आणि कारण नसताना त्याला असंच भयाने घेरलं. तेव्हा तोही ४१ चाच होता.

खडूस_वाचक:
मावळतीकर, पुस्तक थोर आहे, वाद नाही. पण ज्याला झोप नाही त्याच्या हातात तीन दिवस किंचाळत मरणारा माणूस देताय?

आधी टेरी प्रॅचेटचं 'मॉर्ट' घ्या (१९८७). त्यात मृत्यू स्वतःच उमेदवारीला पोरगा ठेवतो. या मृत्यूला मांजरं आवडतात, त्याच्या घोड्याचं नाव बिंकी, आणि तो बोलतो ते सगळं कॅपिटल अक्षरांत छापलेलं. (मराठीत कॅपिटलच नाहीत, अनुवादकाने काय करायचं?) प्रॅचेटला २००७ मध्ये अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, तरी २०१५ मध्ये जाईपर्यंत पुस्तकं येत राहिली. त्यानंतर हे विनोद मला वेगळे लागतात.

सिंधुकन्या:
जीए (कुलकर्णी) आत्ता नकोत. 'काजळमाया' माझ्या उशाशी असते, तरी सांगते, आत्ता नको. दळवींचं 'संध्याछाया' तर अजिबात नको. भाऊ गेल्यावर मला 'कोसला'तल्या मनीच्या, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मरणाच्या पानांनी रडवलं, स्मशानात न आलेलं रडू तेव्हा आलं. पण ते शोकाचं झालं, तुमची गोष्ट भीतीची आहे.

तुम्ही ताराशंकर बंदोपाध्यायांचं 'आरोग्य निकेतन' वाचा. मूळ बंगाली, १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. जाड आहे, आधीच माफी मागते. जीवन मशाय हे खेड्यातले म्हातारे वैद्य नाडीवर बोटं ठेवून मरण ओळखतात. पोटच्या मुलाचंही ओळखतात. नव्या तरुण डॉक्टरला हे क्रूर वाटतं. मला आधी डॉक्टरचं पटलं, अर्ध्यावर मशायचं, आता दोघांचं थोडंथोडं पटतं. यातलं मरण म्हणजे पिंगलकेशिनी, पिंगट केसांची बाई, आंधळी आणि बहिरी. रोग तिचा हात धरून तिला नेतात.

महाभारतातही युधिष्ठिराला अशीच गोष्ट सांगतात. ब्रह्मदेवाने मृत्यू नावाची बाई घडवली, तिला माणसं मारायला सांगितलं, तर ती रडायलाच लागली. त्याने तिचे अश्रू ओंजळीत धरले आणि पुढे त्यांचेच रोग झाले. मरणालाच मारायचं जिवावर आलं होतं, हे मला आजीने सांगितलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. अजून विसरले नाही.

बाकावरचे_काका:
पुस्तकं वाचाच. पण पाच महिने झोप नाही म्हणजे कुणाशी तरी बोलाही. टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. लाजू नका.

जागरण्या (तीन आठवड्यांनी):
धागा वर काढतोय. काका, फोन केला, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय.

'मॉर्ट' अर्धवट राहिलं, इंग्रजी विनोद बाकड्यावर झेपेनात. इलिच मात्र पूर्ण वाचला. किंचाळणं चाळून सोडलं, अडकलो ते गेरासिमपाशी. घरातले सगळे इलिचला बरा होशील म्हणून फसवतात. हा साधा नोकर तेवढा खोटं बोलत नाही, रात्र रात्र त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो. आम्हीही घरात 'बाबा, सगळं नीट होणार' असंच म्हणतो, आणि बाबा मान हलवतात.

गुरुवारी परतताना रिक्षात विचारलं, "बाबा, भीती वाटते का हो?"
"वाटते की. तुला?"
"मला पहाटे तीनला."
"मग बाहेर ये ना. मी जागाच असतो."

आता तीनला दोघं स्वयंपाकघरात बसतो. चहा अर्धा कप, तोही त्यांच्या दिवसाच्या पाण्यात मोजून. धडधड होते अजून.

सिंधुकन्याताई, 'आरोग्य निकेतन' मराठीत कुठे मिळेल? इथल्या वाचनालयात नाहीये. बाबांना वाचून दाखवायचंय, जाड असलं तरी चालेल.